पिशवी काढणं म्हणजे रोगप्रतिबंध नव्हे

“करून टाकलं बघा ऑपरेशन, मॅडम. आता कॅन्सरचं भ्या न्हाई.”

हे सांगणारी बाई २९ वर्षांची होती. पट्टा पडून टोळी नुकतीच गावी परतली होती आणि बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर आमची बैठक चालू होती. तिचं लग्न पंधराव्या वर्षी झालं, विसाव्या वर्षापर्यंत तीन बाळंतपणं झाली आणि त्याच वर्षी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. सव्विसाव्या वर्षी पिशवी काढली. अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोट दुखत होतं. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. “पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल,” असं सांगण्यात आलं. तिसऱ्या दिवशी ती टेबलावर होती. पैसे मुकादमाने उचल म्हणून दिले आणि ते पुढच्या हंगामात ऊस तोडून फेडायचे होते.

मी तिला विचारलं, “कॅन्सरची तपासणी केली होती का?”

ती म्हणाली, “सोनोग्राफी केली की.”

गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी सोनोग्राफीने होत नाही. ती करण्यासाठी बाईला आतून तपासावं लागतं. आतून तिला कुणीच तपासलं नव्हतं, ऑपरेशनच्या आधीही नाही. बैठकीत त्या दिवशी अकरा जणी होत्या. त्यांतल्या चौघींची पिशवी काढलेली होती आणि चौघींनी कारण एकच सांगितलं: कॅन्सर होऊ नये म्हणून.

मैत्रिणींनो, ‘रोगप्रतिबंध’ हा शब्द आपण शिबिरांत, अहवालांत, निधीच्या अर्जांत किती सहज वापरतो! या चौघींच्या आयुष्यात त्या शब्दाचा अर्थ एवढाच झाला की रोग होऊ नये म्हणून अवयवच काढून टाकायचा. उद्या डोकेदुखी होऊ नये म्हणून कुणी डोकं काढायला सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. बाईच्या पिशवीबाबत मात्र हा सल्ला शहाणपणाचा ठरतो. डॉक्टर तो देतो, मुकादम त्यासाठी पैसे पुरवतो, नवरा सही करतो, सासू “बरं झालं, कटकट गेली” म्हणते. आणि आपण? आपण त्याला ‘अज्ञान’ म्हणतो आणि आणखी एक जनजागृती मेळावा घेतो.

हा प्रकार एका वस्तीपुरता नाही. २०१९ साली वर्तमानपत्रांतून बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न देशभर गाजला, तेव्हा राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे शंभरातल्या जवळजवळ सतरा जणींची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातल्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. ऊस तोडणाऱ्या बाईच्या पिशवीत असा कोणता वेगळा रोग असतो, की तो देशातल्या इतर बायांना होत नाही?

रोग वेगळा नाही, जगणं वेगळं आहे.

ऊसतोडीच्या हिशेबात बाई एकटी मोजलीच जात नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि एकटं माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. उचल दोघांच्या नावावर, ती बहुधा नवऱ्याच्या हातात, आणि फेड दोघांच्या अंगावर. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या आणि उजाडायच्या आत फडात जायचं. नवरा ऊस तोडतो, बाई मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीत भरते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. एक दिवस कामावर गेलं नाही की ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड. पाळीच्या दिवसांत पोटात कळा येत असल्या तरी खाडा परवडत नाही. राहायचं पालाच्या कोपीत. तिथे संडास नाही, न्हाणी नाही. पाणी लांबून आणायचं, तेही आधी पिण्याला आणि स्वयंपाकाला. पाळीचं कापड धुवायला पाणी नाही आणि वाळत घालायला आडोसा नाही. लघवीला जायला अंधाराची वाट बघायची, म्हणून दिवसभर पाणीच कमी प्यायचं.

असे पाच-सहा महिने काढल्यावर मूत्रमार्गाचा किंवा योनिमार्गाचा संसर्ग होणार नाही तर काय होईल? वरून ओझं उचलणं, लवकरची बाळंतपणं, रक्तपांढरी. हे सगळं अंगावर काढत बाई मार्च-एप्रिलमध्ये गावी येते. दुखणं दवाखान्यात न्यायला तिला तेवढेच दिवस मिळतात. गोळ्यांचा कोर्स पुरा करून पुन्हा दाखवायला येणं तिला जमत नाही. पुढच्या हंगामात हेच दुखणं घेऊन फडात उभं राहणंही तिला शक्य नसतं. अशा वेळी कुणी म्हणालं की एकदाच काय तो निकाल लावू, पाळीही बंद आणि कॅन्सरची भीतीही बंद, तर ती का नाही म्हणेल?

मुकादमाचंही यात नुकसान नाही. पाळी नाही म्हणजे खाडा नाही. ऑपरेशनचे पैसे उचलीत चढले की कोयता पुढचे दोन हंगाम बांधलेला.

आता या भीतीबद्दल बोलू. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. थोडा पांढरा स्राव हा शरीराचा नेहमीचा धर्म आहे. तो फार झाला, वास आला, खाज किंवा आग सुटली, तर बहुतेक वेळा साधा संसर्ग असतो आणि तो थोड्या दिवसांच्या, स्वस्त औषधांनी बरा होतो. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. गोष्ट तिथेच अडते, कारण नवऱ्याला गोळी देण्यापेक्षा बायकोची पिशवी काढणं सोपं वाटतं. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यानंतर रक्त जाणं, घाण वास येणारा लालसर स्राव ही लक्षणं मात्र लगेच तपासून घ्यायची आहेत. तपासून घ्यायची आहेत, कापून टाकायची नाहीत.

बायांच्या या दुखण्यांची माहितीही नवी नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग होता आणि आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्याला साडेतीन दशकं उलटून गेली. एवढ्या काळात सरकारने गावोगाव काय नेलं? कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनचं उद्दिष्ट नेलं. बाई गरोदर असेपर्यंत तिचं नाव नोंदवहीत असतं. नसबंदी झाली की ती नोंदवहीतून बाहेर पडते. तिला त्यानंतरही पिशवी आहे, लघवीची जागा आहे, कंबर आहे, हे आरोग्यखात्याच्या गावीही नसतं. सरकारी दवाखान्याचं दार असं बंद झालं की खाजगी दवाखान्याचं उघडतं. “मुलं झाली ना? मग पिशवीचं काम संपलं.” हे वाक्य डॉक्टर बोलतो, पण शिकवलं आहे आपल्या कुटुंब नियोजनाच्या धोरणाने.

मग कर्करोगापासून खरा बचाव करताच येत नाही का? येतो, आणि तो करून दाखवला गेला तोही बीडच्या शेजारीच. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने आणि टाटा मेमोरियलने इतर संस्थांसह ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली आणि ज्यांच्यात दोष सापडला त्यांच्यावर उपचार केले, तर आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलनेच १९९८ पासून दीड लाख स्त्रियांमध्ये आणखी साधी पद्धत वापरली. गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगर लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. काम काही मिनिटांचं आणि निकाल तिथल्या तिथे. हे करणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या. शाळेपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्या होत्या, त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलेलं होतं. दर दोन वर्षांनी ही तपासणी केल्यावर या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला तपासणी मिळाली नाही आणि त्यातल्या बाया मेल्या. त्यावर पुढे टीका झाली आणि ती रास्तच होती. गरीब बाई नेहमी प्रयोगाची पाटी होते. पण त्या बायांच्या मरणातून जे ज्ञान मिळालं, ते तरी त्यांच्या लेकीसुनांपर्यंत पोचायला नको का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीही झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात पुरत्या दोनही नाहीत.

माझं सगळं म्हणणं या दोन आकड्यांत आहे. बीडच्या ऊसतोड बायांत पिशवी काढलेल्या शंभरात सतरा, आणि देशात कर्करोगाची तपासणी झालेल्या शंभरात दोन. कॅन्सरची भीती वस्तीवस्तीवर पोचली. कॅन्सरची तपासणी पोचली नाही. आणि तपासणीशिवाय पोचलेली भीती हा धंद्याचा माल असतो.

तो माल पोचवायला आपणही हातभार लावला, हे कबूल करायला हवं. समाजकार्याची पदवी घेऊन मी कामाला लागले तेव्हा आमच्या संस्थेची भित्तिपत्रकं मीच चिकटवली आहेत. ‘पांढरं जातंय? दुर्लक्ष करू नका, कर्करोग असू शकतो!’ खाली फोन नंबर नाही, तपासणीची जागा नाही, वार नाही, वेळ नाही. दुर्लक्ष करू नका, पण लक्ष द्यायला जायचं कुठे? प्राथमिक आरोग्य केंद्रात पडदा नव्हता, टेबल नव्हतं, बाई डॉक्टर नव्हती. त्या बाया आमचं ऐकूनच खाजगी दवाखान्यात गेल्या असतील, या विचाराने आजही मला झोप येत नाही. दुसरं भित्तिपत्रक होतं ‘पाळीच्या काळात स्वच्छता राखा’. ते कोपीच्या तट्ट्यावर लावताना एका म्हातारीने विचारलं, “पानी कुटलं वापरू, ते बी लिवा की.” तिचं बरोबर होतं. जिथे पाणी नाही तिथे स्वच्छतेचा उपदेश करणं म्हणजे रोगाचा दोष रोग्याच्या माथी मारणं.

“पण बायाच स्वतःहून मागतात हो,” हे उत्तर डॉक्टरांकडून येतं, अधिकाऱ्यांकडून येतं आणि कधी कधी आपल्या मैत्रिणींकडूनही येतं. “स्त्रीचा तिच्या शरीरावर हक्क आहे असं तुम्हीच म्हणता ना, मग तिचा निर्णय माना.” या प्रश्नाला तोंड द्यायलाच हवं.

१९९४ साली शिरूरच्या वसतिगृहातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली, तेव्हा स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. त्या वेळी दिलेलं कारण आठवा: पाळीतली स्वच्छता त्यांना जमत नाही. आपण तेव्हा ठामपणे म्हटलं होतं की मुलींची देखभाल करायला माणसं नेमा, त्यांचे अवयव काढू नका. त्या मुलींना कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून आपली बाजू स्पष्ट होती. ऊसतोड बाईला विचारलं जातं आणि ती हो म्हणते, म्हणून आपण गोंधळतो. पण कारण तेच आहे! पाळीची सोय करायची नाही, म्हणून पाळीच काढायची. शिरूरला व्यवस्थेने मुलींच्या वतीने सही केली. इथे व्यवस्था बाईकडूनच अंगठा घेते, फरक एवढाच.

निवड तेव्हाच होते, जेव्हा समोर दोन वाटा असतात. तपासणी नाही, गोळ्या नाहीत, पगारी सुट्टी नाही, संडास नाही, आणि मग विचारायचं, “बोल बाई, पिशवी ठेवायची की काढायची?” याला संमती म्हणत नाहीत. ऑपरेशन करून घेणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. तिने आपल्यापुरतं गणित बरोबर मांडलं. चूक त्या गणितातल्या आकड्यांची आहे आणि ते आकडे तिने लिहिलेले नाहीत.

शिवाय तिला पुरं सांगितलंही जात नाही. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोष काढले तर तिशीतल्या बाईची पाळी एका दिवसात जाते. अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात, पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोष ठेवले तरी त्यांचं काम लवकर थांबण्याची शक्यता वाढते. ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे जड उचलायचं नसतं. तिच्या डोक्यावर मात्र हंगाम सुरू होताच मोळी चढते. वस्तीवरच्या त्या चौघींपैकी तिघी कंबरदुखीने हैराण होत्या. एक म्हणाली, “आधी पोट दुखायचं, आता सगळंच दुखतं.” एक रोग टाळायच्या नावाखाली चार नवे दिले. हा प्रतिबंध कसला?

गैरसमज नको म्हणून सांगते. पिशवी काढण्याचं ऑपरेशन मुळातच वाईट आहे असं मी म्हणत नाही. कर्करोग असेल, मोठ्या गाठींमुळे रक्तस्राव थांबत नसेल, अंग फार बाहेर येत असेल, तर ते जीव वाचवतं आणि सुख देतं. ज्या बाईला ते खरोखर लागतं तिला ते सरकारी दवाखान्यात, फुकट आणि नीट मिळायला हवं.

शासनाने काहीच केलं नाही असंही नाही. २०१९ नंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन आलं. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या अनावश्यक ऑपरेशनांबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर एप्रिल २०२३ मध्ये निकाल लागला. केंद्राने २०२२ साली केलेली मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश झाला. या तत्त्वांत जिल्हा पातळीपर्यंत देखरेख समित्या आहेत. हे हवंच होतं. पण हा सगळा पहारा ऑपरेशनच्या दारावरचा आहे. दाराबाहेर पोट धरून बसलेल्या बाईचं काय? परवानगी नाकारली म्हणून तिचा संसर्ग बरा होत नाही, तिचा खाडा माफ होत नाही. बंदी घातली आणि उपचार दिला नाही, तर ती शेजारच्या जिल्ह्यात जाईल, जास्त पैसे मोजेल आणि जास्त उचल घेईल.

म्हणून आपल्या मागण्या ऑपरेशनच्या अलीकडच्या असल्या पाहिजेत:

१. हंगामाला जाण्याआधी आणि परत आल्यावर प्रत्येक ऊसतोड बाईची आतून तपासणी, संसर्गावर पूर्ण उपचार आणि तिशीनंतर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी. तिची आरोग्य नोंद तिच्या हातात, म्हणजे कारखान्याच्या गावीही उपचार पुढे चालू राहतील.

२. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातला ठरलेला दिवस: पडदा, टेबल, प्रशिक्षित परिचारिका आणि औषधं. वार आणि वेळ दारावर लिहिलेली.

३. कोपीच्या तळावर पाणी, संडास, न्हाणी आणि उजेड. ही जबाबदारी मुकादमाची नव्हे, साखर कारखान्याची. ज्याच्या उसासाठी बाई राबते तो मालक आहे, हे त्याने मान्य करावं.

४. आजारपणाच्या आणि पाळीच्या खाड्याला दंड नाही. ‘कोयता’ मोडून बाईची मजुरी बाईच्या नावावर, तिच्या खात्यात.

५. जिल्हा देखरेख समितीवर ऊसतोड बायांच्या आणि स्त्री संघटनांच्या प्रतिनिधी. चाळिशीच्या आत झालेल्या प्रत्येक ऑपरेशनची कारणासह नोंद आणि तिचा आढावा.

आणि एक काम आपलं, मागणी न करता करण्याचं. तुमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात या महिन्यात चार-पाच जणी मिळून जा. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी कोणत्या दिवशी होते, कोण करतं, गेल्या वर्षी किती जणींची झाली, दोष निघाला तर पुढे कुठे पाठवतात, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. उत्तर मिळालं नाही तर तेच माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. ही उत्तरं पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा. भित्तिपत्रकं लावायचीच असतील तर वार, वेळ आणि जागा छापलेलीच लावा. ज्या तपासणीचा पत्ता आपल्याला देता येत नाही, त्या रोगाची भीती वाटत फिरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्या बैठकीतून निघताना त्या २९ वर्षांच्या बाईने मला थांबवलं. तिची धाकटी जाऊ दारात उभी होती, चोवीस वर्षांची. “हिचं बी पोट दुखतं, पांढरं जातं. दिवाळीच्या आत काढून घ्यावं म्हनती. काय करावं?”

तालुक्याला त्या आठवड्यात सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हती. जिल्ह्याच्या गावी जायला एक दिवस मोडणार होता आणि गाडीभाडं लागणार होतं. आम्ही दोघी गेलो. संसर्ग निघाला. गोळ्या दिल्या, नवऱ्यालाही दिल्या. त्याने कुरकुर करत का होईना, घेतल्या. पंधरा दिवसांत तिला आराम पडला. दिवाळीनंतर ती तोडीला गेली ती पिशवी शाबूत ठेवून.

या एका जावेसाठी एक कार्यकर्ती, एक दिवस आणि एसटीचं भाडं लागलं. त्या १३,८६१ जणींसाठी एवढंही कुणाकडे नव्हतं.